‘वस्तू तर मिळाली ना, मॅडम?’: पितळी लामणदिव्यांच्या नावाखाली गेलेले १२,५४८ रुपये

इन्स्टाग्रामवरच्या एका दुकानाने पितळेच्या नावाखाली मला ॲल्युमिनियमच्या वस्तू पाठवल्या. आधी हिशोब लिहिते, कारण पोलिसांपासून बँकेपर्यंत सगळ्यांनी ‘किरकोळ रक्कम’ हा एकच शब्द वापरला. लामणदिव्यांची जोडी ६,४९९. चौदा इंची उरळी, म्हणजे पाणी-फुलं ठेवायचं पसरट भांडं, ४,२९९. दाराला लावायची घंटांची माळ १,१५०. आगाऊ पैसे भरले म्हणून ६०० सूट, पॅकिंग आणि कुरिअरचे ३५०. झाले ११,६९८ रुपये. त्यावर ‘परत पाठवण्याचा खर्च, रिफंडमध्ये मिळेल’ म्हणून आणखी ८५० उकळले. एकूण १२,५४८. घराचा हप्ता भरून, महिन्याला थोडे थोडे बाजूला काढून साठवलेले पैसे आहेत हे. माझ्यासाठी किरकोळ नाहीत.

इन्स्टाग्रामवरच्या अशा दुकानांची पद्धत थोडक्यात सांगते. ऐंशी हजार फॉलोअर, मराठीतून बोलणारा माणूस, ‘कोकणातल्या दीडशे वर्षांच्या वाड्यातून उतरवलेला लामणदिवा’, खाली मराठी आडनावांच्या बायकांच्या कौतुकाच्या कमेंटा. वास्तुशांत तोंडावर आली होती. देवघराच्या दोन्ही बाजूंना साखळीवर मोर असलेले दिवे लावायचे, दारात उरळीत पाणी आणि झेंडूची फुलं ठेवायची, एवढंच मनात होतं. मी नाशकात राहते, भांडी बाजार लांब नाही. ‘मग तिथेच का गेली नाहीस?’ हे मला आतापर्यंत सगळ्यांनी ऐकवलंय. गेले होते. मला हवी होती तशी जुन्या घडणीची साखळी त्या दिवशी मिळाली नाही, आणि दुकानदार म्हणाला की मागवायला महिना लागेल. आमची तारीख त्याआधीची होती.

आणि मी डोळे मिटून पैसे भरले नाहीत. व्हिडिओ कॉल करायला लावला. त्या माणसाने डाव्या हाताने साखळी धरली, उजव्या हातातल्या चमच्याने मोरावर टकटक केली. आवाज खणखणीत, लांबत जाणारा, खऱ्या पितळेचा. तो दिवा खराच होता, हे मी आजही सांगते. फक्त तो मला पाठवायचा नव्हता.

मग मी म्हटलं, ‘दादा, उरळी जरा काट्यावर ठेवून दाखवा.’ तो म्हणाला, ‘ताई, काटा वर्कशॉपला आहे, मी आता गोडाऊनला आहे. लिहिलंय ना चार किलो भरीव पितळ.’

इथे. इथेच फोन ठेवायला हवा होता. पितळ विकणाऱ्याकडे काटा नाही? भांडी बाजारात घंगाळ घ्या नाहीतर समई, वस्तू आधी काट्यावर चढते आणि मग भाव सांगतात. पुण्याच्या तांबट आळीतही तेच. तांब्या-पितळेचा धंदा किलोवर चालतो, हे मी लहानपणी आईचा पदर धरून बाजारात फिरताना पाहिलेलं. रात्री झोप लागत नाही तेव्हा तेच वाक्य कानात वाजतं, काटा वर्कशॉपला आहे. पण तो ‘ताई ताई’ करत इतकं आपुलकीने बोलत होता, त्याच दिवशी दुसऱ्या गिऱ्हाइकाला ती जोडी जाईल म्हणत होता, आणि घरात मांडववाला, गुरुजी, केटरर यांचे फोन चालू होते. अशा वेळी कोणीही पुढे गेलं असतं. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर दुकानाऐवजी भलत्याच एका व्यक्तीचं नाव आलं, तेव्हाही मी विचारलं होतं. ‘आमच्या अकाउंटंटचं खातं आहे’ असं उत्तर मिळालं. क्यूआरवर दुकानाचं नाव नसेल तर पिन टाकू नका. कोणाचाही अकाउंटंट असो.

पार्सल आलं. कुरिअरच्या स्टिकरवर वजन छापलेलं होतं, ३.१ किलो. जाहिरातीप्रमाणे सगळं मिळून आठ किलोच्या आसपास भरायला हवं होतं. ते स्टिकर सही करण्याआधी वाचा, कोणी वाचत नाही.

उरळी घरच्या काट्यावर १ किलो २८० ग्रॅम भरली. पितळ ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड असतं, म्हणजे चार किलोच्या आकाराची वस्तू ॲल्युमिनियमची केली की साधारण एवढीच भरणार. चिंच लावून काथ्याने घासली तर सोनेरी रंग हाताला आला आणि खालून पांढुरका धातू दिसला. दिवेही तसेच. घंटांच्या माळेला लोहचुंबक टचकन चिकटलं, म्हणजे लोखंडावर मुलामा. एक सांगून ठेवते, नुसत्या लोहचुंबकावर जाऊ नका. पितळेला ते चिकटत नाही हे खरं, पण ॲल्युमिनियमलाही चिकटत नाही. वजन बघा, आणि बुडाला आतल्या बाजूने ओरखडा काढून बघा.

फोन केला तर तोच आवाज, तेच ‘ताई’. ‘पॅकिंगवाल्या पोराने चुकून शोपीसचा लॉट टाकला, परत पाठवा, ८५० भरा, रिफंडमध्ये धरून देतो.’ भरले, कारण अकरा हजार परत मिळवायचे होते. पार्सल न्यायला कोणी आलं नाही. मग मला ब्लॉक केलं.

बिलावरचा जीएसटी नंबर ०७ने सुरू होत होता. ०७ म्हणजे दिल्ली. महाराष्ट्राचा २७ असतो. ‘कोकणातल्या वाड्यातला’ माल विकणाऱ्याचा नंबर दिल्लीचा! जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला तर नोंदणी रद्द झालेली आणि नाव तिसऱ्याचंच. ही तपासणी फुकट आहे, लॉगिनही लागत नाही. बिलाचा फोटो पैसे भरायच्या आधी मागा. आणि ‘दीडशे वर्षांचा दिवा’ म्हणणाऱ्याला परवाना विचारा. शंभर वर्षांवरच्या पुराण वस्तूंचा धंदा करायला १९७२ च्या कायद्याने परवाना लागतो.

आता पुढचं ऐका, कारण खरा संताप इथे आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. तक्रार घेतली, नंबर दिला. म्हणाले, पैसे गेल्या गेल्या फोन आला असता तर खात्यात अडवता आले असते, आता ते पुढे सरकलेत. अहो, पार्सल उघडल्याशिवाय फसवलंय हे मला कळणार कसं? बँकेत गेले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘पिन तुम्हीच टाकलाय, व्यवहार अनधिकृत नाही.’ ज्या खात्यात पैसे गेले ते खातं कोणीतरी बँकेनेच उघडून दिलंय ना? त्याची कागदपत्रं कोणी पाहिली? त्यावर उत्तर नाही.

पोलीस ठाण्यात साहेबांनी दिवे बघितले, उरळी हातात घेतली आणि विचारलं, ‘वस्तू तर मिळाली ना, मॅडम? मग हा ग्राहक मंचाचा विषय आहे.’ मी म्हटलं, पितळ सांगून ॲल्युमिनियम देणं ही फसवणूक नाही? भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम मग कशासाठी आहे? म्हणाले, अर्ज ठेवून जा. अर्जाच्या प्रतीवर शिक्का मिळवायलाही वाद घालावा लागला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बाई चांगलं बोलल्या, पण विक्रेत्याचा पत्ता विचारला. बिलावरचा पत्ता खोटा. जिल्हा ग्राहक आयोगात, म्हणजे पूर्वीच्या ग्राहक मंचात, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही हे खरं आहे, पण नोटीस पाठवायची कुठे? कुरिअरवाल्यांकडे पाठवणाऱ्याचा खरा मोबाइल नंबर असणारच. ते म्हणतात पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात आयोगात जा. आयोगाला पत्ता हवा. इन्स्टाग्रामला कळवलं तर हे पान नियमांत बसतं असं उत्तर आलं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत विक्रेत्याने पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव दाखवायचं, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची, महिन्यात निकाल लावायचा असं लिहिलंय. ते पाळलं जातंय की नाही हे बघणारा माणूस कुठल्या खुर्चीवर बसतो, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

आणि म्हणूनच हे लोक काहीतरी पाठवतात, हे मला या हेलपाट्यांत कळलं. रिकामा खोका पाठवला तर गुन्हा दाखल होईल. हजार रुपयांचं ॲल्युमिनियम पाठवलं की तो ‘मालाच्या दर्जाचा वाद’ होतो, शिवाय पार्सल पोचेपर्यंत पैसे हलवायला वेळ मिळतो. ती शोभेची वस्तू त्यांच्या बचावाचा पुरावा असते. म्हणून खोका उघडताना सलग व्हिडिओ काढा, स्टिकरपासून सुरुवात करून काट्यावरच्या आकड्यापर्यंत. जाहिरातीचा स्क्रीनशॉट वजनासकट पैसे भरण्याआधीच घेऊन ठेवा, नंतर ती गायब होते. माझ्याकडे तो होता, म्हणून तर अर्ज तरी घेतला.

दोन मैत्रिणींनी सांगितलं की त्यांच्या ओळखीत असंच झालंय, एकीचा पितळी हत्ती, एकीची समई. दोघींनी लाजेने तक्रार केली नाही. करा. दोन हजारांची असली तरी करा, आणि त्यात क्यूआरवर आलेलं नाव, यूपीआय आयडी आणि पार्सलचा ट्रॅकिंग नंबर लिहा. एकाच खात्यावर पाच-पंचवीस तक्रारी जमल्या तर त्यांना किरकोळ म्हणता येणार नाही.

ते पान परवा पुन्हा दिसलं. नाव नवीन, लोगो नवीन, व्हिडिओ तोच: डाव्या हातात साखळी, उजव्या हातात चमचा, चेहरा कुठेच नाही. अशा पानावर पैसे भरले असतील तर पार्सलची वाट बघू नका, आत्ता १९३० लावा.