स्क्वॅश वेगळं, सिरप वेगळं: वेंगुर्ल्यातलं सरबताचं दुकान

आमच्याकडे पर्यटकांसाठी चार खोल्या आहेत. पाहुणा दारात आला की आधी कोकम सरबत, मग चावी. गेल्या मे महिन्यात दुसरीकडून आणलेल्या बाटल्या आठ दिवसांत फसफसल्या. एकीचं बूच उडालं आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर लाल ओघळ आले. लेबलावर चांगलं ठळक 'सिरप' छापलेलं. ते सिरप नव्हतंच, हे मला वेंगुर्ल्यात सरबतं बनवून विकणाऱ्या काकींकडे कळलं.

दुकान बाजारात, मागच्या पडवीत त्यांचं काम चालतं. मी स्क्वॅश आणि सिरप एकच धरून चालले होते, शेवटी दोन्ही सरबतच ना! काकी म्हणाल्या, "नाय गो बाय. फळ दोन्यांत तेवढाच, साखर येगळी." सरकारी नियमाप्रमाणे दोन्हींत फळ किमान 25 टक्के. पण विरघळलेले पदार्थ, म्हणजे मुख्यतः साखर, स्क्वॅशमध्ये निदान 40 टक्के आणि सिरपमध्ये 65. त्यांनी रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे हे टक्के मोजायची दुर्बिणीसारखी नळी, काढला, काचेवर अमृत कोकमचा, म्हणजे कोकम सिरपचा, थेंब टाकला, झाकण मिटलं आणि खिडकीकडे तोंड करून मला बघायला लावलं. वर निळं, खाली पांढरं, मधली रेघ 66 वर. काच पुसून आंब्याच्या स्क्वॅशचा थेंब टाकला, तर रेघ 42 वर.

सिरपमध्ये साखरच राखण करते, मोरावळ्याच्या पाकासारखी. स्क्वॅशला टिकवायला औषध (प्रिझर्व्हेटिव्ह) लागतं आणि फोडल्यावर फ्रिज. त्यातलं पोटॅशियम मेटाबायसल्फाइट हे औषध कोकमाला चालत नाही, रंग उडतो, हेही त्यांनीच सांगितलं. मला सर्वात आवडलं ते म्हणजे आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाच्या, बाटलीवर त्यांनी ज्यूस किंवा सिरप असलं काही लिहिलेलं नाही. साखर नाही, मीठ आहे, म्हणून सरळ 'आगळ'.

अमृत कोकमच्या एका भागाला मी पाच भाग पाणी घालते, आंब्याच्या स्क्वॅशला तीन. त्यामुळे सिरपची बाटली महाग वाटली तरी पुरवठ्याला येते. चवीला कोकम पहिल्या नंबरचं. आंबा मला जरा गोड लागला.

तक्रार एकच. पाण्याचं प्रमाण इतक्या बारीक अक्षरांत छापलंय की सासूबाईंना चष्मा लावूनही वाचता येत नाही. काकींना सांगितलंय, पुढच्या छपाईत मोठं करणार आहेत. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं, सकाळीच जा.