बरियलचे दोन अल्बम : आधी कुठला?

रात्री साडेअकराला हिंजवडीतून सुटून एकटाच कोथरूडला परतणारा एक मित्र विचारत होता, बरियल या लंडनच्या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराचा पहिला अल्बम घेऊ की दुसरा? रेकॉर्ड एकच परवडणार होती.

दोन्ही लंडनच्या हायपरडब या रेकॉर्ड कंपनीने काढलेले. पहिला 'बरियल' २००६चा, दुसरा 'अनट्रू' २००७चा. दोन्हींत तेरा ट्रॅक, दोन्ही साधारण पन्नास मिनिटांचे. रेकॉर्डची खरखर आणि पावसाचा आवाज दोन्हीकडे आहेच. गेल्या गणपतीत रूममेट गावी गेला होता, तेव्हा हेडफोन काढून दोरीवरचे कपडे गोळा करायला धावलो. बाहेर ठणठणीत कोरडं.

पहिल्यात जागा आहे, माणसं जवळजवळ नाहीत. बेस खोल, बीट जड. स्पेसएप नावाच्या कवीचा आवाज एकदा येतो तेवढाच. 'नाइट बस'मध्ये तर बीटच नाही. दोनेक मिनिटं नुसती धूसर सुरावट, रातराणी बसच्या काचेला डोकं टेकवून बसल्यासारखी. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र यातलं निम्मं गायबच होतं. साधेच चालतील, पण हेडफोन हवेतच.

'अनट्रू'त माणसं येतात, पण तुकड्यांनी. गाण्यांमधल्या ओळी कापून त्यांचा सूर त्याने असा वरखाली केलाय की बाई गातेय की पुरुष, कळत नाही. शेजारच्या फ्लॅटमधलं भांडण भिंतीतून यावं, शब्द लागू नयेत पण दुखणं कळावं, तसं काहीसं. ताल सॉफ्टवेअरच्या आखीव चौकटीवर (ग्रिडवर) न बसवता त्याने साउंड फोर्ज या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये नजरेच्या अंदाजाने जुळवले, म्हणून ते किंचित लंगडतात. मला हा अल्बम आवडतो तो या लंगडण्यासाठी. २००८च्या मर्क्युरी या ब्रिटनमधल्या अल्बमसाठीच्या पारितोषिकाच्या अंतिम यादीत तो होता. बक्षीस एल्बो बँडला गेलं.

रात्री उशिरा कामावरून परतणाऱ्याने 'अनट्रू'च घ्यावा. त्या वेळी कुणाचा तरी आवाज कानात असलेला बरा. पहिला अल्बम डबस्टेप, म्हणजे खोल बेसचं लंडनचं इलेक्ट्रॉनिक संगीत, आधीच आवडणाऱ्यांसाठी, किंवा नदीकाठच्या रस्त्याने रात्री पायी हिंडणाऱ्यांसाठी. (भिडे पुलावरून पाणी जात असेल तेव्हा घरीच ऐका.) जेवताना लावायचं असेल तर दोन्ही नकोत.

मित्राने 'अनट्रू' मागवलाय. टर्नटेबल अजून घ्यायचंय.