मोहरीची उशी : शिवण सुरेख, पण बाळाच्या डोक्याखाली नको

सीताबर्डीतल्या एका दुकानातून आमच्या नातीसाठी मोहरीची उशी भेट आली. मऊ मलमल, दुहेरी शिवण, निवडून भरलेली मोहरी. हात दाबला की दाणे बाजूला सरकतात आणि मधे खळगा पडतो. त्यात डोकं ठेवलं की ते गोल होतं, असं सांगून ती विकतात. शिवणकामाला नाव ठेवायला जागा नाही. तरी ही उशी कुणी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आमची नात कमी दिवसांची, म्हणून तर जीव तोडून सांगते.

अशा बाळांची कवटी फार मऊ असते. एनआयसीयूत, म्हणजे तान्ह्या बाळांच्या अतिदक्षता विभागात, नळ्या सांभाळत बाळ बराच काळ एका गालावर पडून राहतं, दोन्ही बाजू दबतात आणि डोकं लांबट, अरुंद होतं. घरी उताणं झोपायला लागलं की मागची बाजू चपटी व्हायची भीती. म्हणून काही आपण बाळाला पालथं झोपवायचं नाही. दवाखान्यात पालथं ठेवतात तेव्हा मॉनिटर लावलेला असतो. घरी झोपताना उताणंच, टणक सपाट गादीवर, उशीशिवाय. उशीत तोंड रुतलं किंवा मान पुढे दुमडली तर एवढ्याशा जिवाचा श्वास अडतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये डोक्याला आकार देणाऱ्या उशा वापरू नका, असा इशाराच दिला आहे.

धंतोलीत तपासणीला जातो तिथल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी सुनेला जे शिकवलं, त्याला मात्र पूर्ण गुण. तान्ही बाळं उजेडाकडे आणि माणसांकडे बघतात. आमची सारखी खिडकीकडेच मान करायची. मॅडम म्हणाल्या, “आजी, रोज बाळाचं डोकं आणि पाय यांची बाजू बदला.” आता आज डोकं देवघराकडे, उद्या दाराकडे. खिडकी तीच, पण मान आपोआप दुसरीकडे वळते. एरवी झोप लागली की सून हलक्या हाताने गाल बदलते. जागेपणी थोडा थोडा वेळ पालथं, आपण समोर बसून. आणि कांगारूसारखं छातीशी धरणं, तेवढा वेळ गादीचा दाब नाही.

मालिशवाल्या मावशी म्हणाल्या, “डोकं दाबून गोल करून देते नं!” सुनेने तिथेच थांबवलं. “मावशी, डोक्याला फक्त तेल लावा.” शाब्बास पोरी!

बाळ एकाच बाजूला मान ठेवत असेल, कवटीवर कडक कंगोरा हाताला लागत असेल, तर डॉक्टरांना लगेच दाखवा. मानेचा स्नायू आखडला असेल तर व्यायामाने सुटतो. कवटीचे सांधे लवकर जुळले असतील तर शस्त्रक्रिया लागू शकते, आणि ‘उशीने होईल गोल’ म्हणत थांबलं की तोच वेळ वाया जातो.

दुकानदारभाऊ, पाकिटावर ‘बाळाला झोपवताना वापरू नये’ एवढं ठळक छापा. तोवर माझ्याकडून पाचपैकी एक, तोही शिवणीचा.