बॅरेटमधला डिस्प्लेसिया: जाळायचा की कापायचा?

जठरातलं आम्ल वर्षानुवर्षं वर येत राहिलं की काहींच्या अन्ननलिकेचं खालचं अस्तर बदलून आतड्यासारखं होतं. याला बॅरेट्स इसोफेगस म्हणतात. बायोप्सीत तिथे डिस्प्लेसिया, म्हणजे कर्करोगाकडे झुकलेल्या पेशी, सापडल्या की दुर्बिणीतून करायचे उपचार सुचवले जातात. आरएफए (रेडिओलहरींच्या उष्णतेने अस्तर जाळणं), ईएमआर आणि ईएसडी (दोन्ही कापण्याच्या पद्धती) अशी नावं ऐकून रुग्ण गोंधळतात. अशा वेळी डॉक्टरांना आधी एवढंच विचारा: अस्तर सगळीकडे सपाट आहे, की कुठे उंचवटा किंवा खड्डा दिसतोय?

उंचवटा असेल तर तो कापूनच काढावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कापलेला तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे जातो आणि पेशी किती खोल गेल्यात ते कळतं. जाळलेल्या भागाची अशी तपासणी होऊच शकत नाही. ईएमआरमध्ये तो भाग रबर बँडमध्ये पकडून तारेच्या फासाने कापतात. साधारण दोन सेंटिमीटरपेक्षा मोठा भाग मात्र तुकड्यातुकड्यांनी निघतो आणि कडा स्वच्छ आहेत का हे नीट सांगता येत नाही. तिथे जपानमध्ये विकसित झालेली ईएसडी उपयोगी पडते. तिच्यात मोठा भागही अखंड निघतो, पण वेळ जास्त लागतो, छिद्र पडण्याचा धोका वाढतो आणि हात बसलेला डॉक्टर लागतो.

मग सगळंच बॅरेट कापून का टाकू नये? 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत, पाच सेंटिमीटरपर्यंतचं बॅरेट टप्प्याटप्प्याने पूर्ण कापलेल्यांपैकी 88 टक्के रुग्णांची अन्ननलिका आकसली. फक्त दिसणारा भाग कापून उरलेल्यावर आरएफए केलेल्यांत हे प्रमाण 14 टक्के होतं. आकसलेली नळी फुगवून घ्यायला पुन्हा पुन्हा दवाखाना गाठावा लागतो, म्हणून हा फरक मोठा आहे.

सपाट डिस्प्लेसियासाठी आरएफएचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. 2009 च्या अमेरिकी चाचणीत वर्षभराने हाय-ग्रेड डिस्प्लेसिया, म्हणजे कर्करोगाच्या जास्त जवळ गेलेला, 81 टक्के रुग्णांत पूर्ण गेला. नुसता देखावा म्हणून प्रक्रिया केलेल्या गटात तो 19 टक्क्यांतच गेला. क्रायोथेरपीत अस्तर गोठवतात. तिच्यात दुखणं कमी असतं आणि आरएफएला दाद न देणाऱ्यांना ती वापरून बघता येते. एपीसी, म्हणजे आर्गॉन वायूच्या झोतातून विजेने जाळणं, स्वस्त, यंत्रही बऱ्याच ठिकाणी असतं. छोट्या उरलेल्या ठिपक्यांसाठी ठीक.

डिस्प्लेसिया लो-ग्रेड, म्हणजे सौम्य, असेल तर घाई नको. आधी स्लाइड्स दुसऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टला दाखवा. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात तज्ज्ञांनी पुन्हा पाहिल्यावर 85 टक्के लो-ग्रेड निदानं खाली उतरली, म्हणजे डिस्प्लेसिया नाही किंवा नक्की सांगता येत नाही असं ठरलं. निदान पक्कं ठरलं तर उपचाराचं पारडं जड होतं: 2014 च्या युरोपीय चाचणीत तीन वर्षांत हाय-ग्रेड किंवा कर्करोगापर्यंत गेलेले रुग्ण आरएफएच्या गटात 1.5 टक्के होते, नुसती देखरेख ठेवलेल्यांत 26.5 टक्के.

भारतात अन्ननलिकेचा कर्करोग बहुतेक वेळा स्क्वॅमस प्रकारचा, म्हणजे अन्ननलिकेच्या मूळ चपट्या पेशींतला, असतो आणि त्यामागे तंबाखू, दारू ही मोठी कारणं असतात. तुमच्या रिपोर्टवर स्क्वॅमस डिस्प्लेसिया लिहिलं असेल तर वरचे आकडे तुमचे नाहीत. तिथे आयोडीन फवारून कडा बघतात आणि कापण्याकडे, त्यातही ईएसडीकडे, कल जास्त असतो.

बॅरेटवरचा कुठलाही उपचार एका फेरीत क्वचितच संपतो. आरएफए साधारण दोन-तीन महिन्यांच्या अंतराने पुन्हा करावं लागतं, आम्ल कमी करणारी गोळी चालूच राहते आणि अस्तर स्वच्छ झाल्यावरही एंडोस्कोपी सुटत नाही. त्यामुळे ज्या केंद्रात पुढची काही वर्षं जाणं जमेल, तिथेच सुरुवात करा.