डी अँड डी पाचवी आवृत्ती: आमचे हाऊस रूल, पावसाळा ते उन्हाळा

आधी काय वापरतोय ते सांगतो. खेळ डन्जन्स अँड ड्रॅगन्स (पात्रांच्या भूमिका घेऊन फाशांवर खेळायचा साहसी खेळ), पाचवी आवृत्ती, पुस्तकं 2014 चीच. 2024 मध्ये सुधारित पुस्तकं आली, पण आमच्या सगळ्यांची पात्रं जुन्या नियमांत बनलेली, त्यामुळे तिकडे वळलो नाही. क्लासांमधला, म्हणजे पात्रांच्या प्रकारांमधला, तोल सांभाळायला गेल्या पावसाळ्यात पाच हाऊस रूल (आपल्या टेबलापुरते नियम) लावले. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मीच. आता उन्हाळा आलाय: दोन नियम पक्के झाले, एक अर्धा उरला, दोन काढून टाकले.

नियम का लावावे लागले ते आमच्या रविवारच्या गणितात आहे. बैठक सोलापुरात सात रस्त्याजवळ आमच्या घरी. एक गडी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, शिफ्ट सुटल्याशिवाय येत नाही. दुसरा मुंबईला नोकरीला, सुट्टीला घरी आला की रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरून परत. मध्ये उरतात जेमतेम तीन तास, त्यात भाकरी-शेंगाचटणी आणि मागच्या वेळी काय झालं याची उजळणी. म्हणजे एका बैठकीत लढाई एकच. ती संपली की सगळ्यांचं एकमत, मुक्काम टाका, लाँग रेस्ट (रात्रभराची झोप, खर्चलेली ताकद परत भरणारी) घ्या. पुढच्या रविवारी सगळे परत ताजेतवाने.

डीएमच्या पुस्तकातला हिशोब मात्र दिवसाला मध्यम ते कठीण अशा सहा-आठ लढायांचा आहे, मध्ये दोन शॉर्ट रेस्ट (छोट्या विश्रांत्या) धरून. आमच्याकडे दिवसाला एक लढाई. याचा फटका कुणाला बसतो ते पाचव्या लेव्हलला उघडं पडलं. विझार्डकडे (जादूगाराकडे) तिसऱ्या लेव्हलचे दोन स्लॉट, म्हणजे त्या ताकदीचे मंत्र दोनदा टाकायची मुभा, शिवाय शॉर्ट रेस्ट घेतली तर आर्केन रिकव्हरीने दिवसात आणखी एक. म्हणजे तीनपर्यंत फायरबॉल. एक फायरबॉल 8डी6 (सहा बाजूंचे आठ फासे), सरासरी 28 नुकसान, आणि तेही वीस फूट त्रिज्येत सापडेल त्या प्रत्येकाला. गॉब्लिन या फुटकळ शत्रूचे हिट पॉइंट (जीव) सरासरी 7. सेव्ह झाला, म्हणजे बचावाचा फासा लागला, तरी निम्मं नुकसान, तरी तो मेलाच. आमचा फायटर (योद्धा) ग्रेटस्वोर्ड घेऊन दोन वार करतो, दोन्ही लागले तर 22, ॲक्शन सर्ज (त्याच पाळीत जादा ॲक्शन) लावला तर 44, पण बहुतेक एकाच शत्रूवर. एका पडक्या मठात आठ गॉब्लिन दाराशी दाटीने उभे होते. इनिशिएटिव्हमध्ये (पाळीच्या क्रमात) विझार्ड पहिला. फायटरची पाळी आली तेव्हा मारायला कुणी शिल्लक नव्हतं. फायटरवाला म्हणाला, "काय बे, आम्ही काय नुसतं बघायला येतो का?" आणि पाठोपाठ वॉरलॉकवाल्याने त्याच्या घरच्या तेलुगूत फाशांना दोन शब्द ऐकवले. वॉरलॉकही मंत्र टाकणाराच, पण त्याचे स्लॉट दोनच, ते शॉर्ट रेस्टला परत येतात, आणि शॉर्ट रेस्ट आमच्याकडे कुणी घेतच नव्हतं.

तेव्हा पहिला नियम, आणि माझ्या मते खरा नियम हा एकच: लाँग रेस्ट फक्त सुरक्षित ठिकाणी. गाव, सराई, ओळखीच्या सरदाराचा वाडा. रानात किंवा भुयारात झोपलात तर थकवा येत नाही एवढंच, स्लॉट परत नाहीत. शॉर्ट रेस्ट तासाभराऐवजी दहा मिनिटांची, दोन लाँग रेस्टच्या मध्ये दोनदाच. त्यामुळे खेळातला एक दिवस आमचे तीन-चार रविवार चालतो. फायटरला त्यात तीन ॲक्शन सर्ज आणि तीन सेकंड विंड (स्वतःचे हिट पॉइंट भरून घेणं) मिळतात, वॉरलॉकला दोनाचे सहा स्लॉट. विझार्डचे फायरबॉल तीनच. आता तो आधी विचारतो, "पुढे अजून कोण आहे का?"

पुस्तकात याहून कडक पर्याय छापलेला आहे, शॉर्ट रेस्ट आठ तासांची आणि लाँग रेस्ट सात दिवसांची. तो घेतला नाही. त्यात मेज आर्मरसारखे आठ तासांचे स्पेल (मंत्र) फुकट जातात, आणि विझार्डवर सूड उगवायचा नव्हता.

या नियमाची एक कटकट आहे. रविवारी वापरलेलं पुढच्या रविवारी वापरलेलंच राहायला हवं, आणि स्वतःचे स्लॉट किती उरले हे कुणाच्या लक्षात राहत नाही. राहिलं तरी स्वतःच्या सोयीने राहतं! पेन्सिलीच्या खुणा चटणीच्या तेलात पुसल्या जातात. आता उठायच्या आधी मी सगळ्यांच्या कॅरेक्टर शीटचे फोटो काढून ग्रुपवर टाकतो. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेमुळे बैठका बुडाल्या, तेव्हा त्या फोटोंनीच भांडण वाचवलं.

दुसरा टिकलेला नियम बीस्टमास्टर रेंजरचा, म्हणजे सोबत प्राणी घेऊन लढणाऱ्या पात्राचा. मूळ नियमात लांडग्याला हल्ला करायला लावायचं तर रेंजरची स्वतःची ॲक्शन जाते. आम्ही ती बोनस ॲक्शन (मुख्य ॲक्शनशिवायची छोटी जादा कृती) केली. 2020 च्या पूरक पुस्तकाने अधिकृतपणे जवळपास हेच केलं आहे. यावर कुणाची तक्रार नाही, लिहिण्यासारखं अजून काही नाही.

अर्धा उरलेला नियम पॅलाडिनचा (धर्मयोद्ध्याचा). 2014 प्रमाणे एका पाळीत जितके वार लागतील तितक्यांवर डिव्हाइन स्माइट (स्लॉट खर्चून वाराला जादा नुकसान) टाकता येतो. पाचव्या लेव्हलला दोन वार, दोन्हींवर दुसऱ्या लेव्हलचा स्लॉट, म्हणजे नुसत्या स्माइटचे 6डी8, सरासरी 27. आम्ही पाळीत एकदाच असं ठरवलं. रेस्टचा नियम मुरल्यावर दिसलं की स्लॉट पुरवायचे म्हणून तो आपोआपच हात राखून खेळतो. मग क्रिटिकल (फाशावर 20) पडला तर मर्यादा उठवली. आता तो खूश आहे, आणि मोठा राक्षस उतरवताना मी जरा जपून असतो.

काढून टाकलेल्यांपैकी ग्रेट वेपन मास्टरचा किस्सा छोटा. या कौशल्यात जड शस्त्राचा वार लागण्याच्या फाशातून वजा पाच, नुकसानात अधिक दहा. त्याऐवजी प्रोफिशियन्सी (लेव्हलसोबत वाढणारा बोनस) वजा आणि तिच्या दुप्पट अधिक, असं केलं होतं. कागदावर उत्तम. टेबलावर दर वाराला बेरीज-वजाबाकी, आणि फायटर तर आधीच मागे पडलेला. त्यालाच कापायचं कशाला? मंकला (हातापायांनी लढणाऱ्या संन्याशाला) जादा की पॉइंट, म्हणजे खास चालींसाठीची ताकद, दिले होते, तेही परत घेतले. की शॉर्ट रेस्टला भरतातच, त्यात वर खैरात झाली तर स्टनिंग स्ट्राइकपुढे (शत्रूला सुन्न करणाऱ्या वारापुढे) माझा एकही खलनायक उभा राहत नव्हता. रोग (Rogue) या चोरट्या क्लासला पहिल्या दिवसापासून हात लावलेला नाही. त्याच्या स्नीक अटॅकला (संधी साधून केलेल्या वाराला) स्लॉटही लागत नाही आणि रेस्टही.

ज्यांची बैठक दिवसभर चालते आणि चार-पाच लढाया होतात, त्यांनी यातलं काहीच लावू नये. तुमचा खेळ पुस्तकाप्रमाणेच चालेल. आमच्यासारखे घड्याळाकडे बघत खेळणारे असाल तर आधी फक्त रेस्टचा नियम लावा आणि बाकी क्लासांना महिनाभर तसंच राहू द्या.

नियमात भोकंही आहेत. टायनी हट (जादूची झोपडी) हा स्पेल रिच्युअल म्हणून, म्हणजे सावकाश विधी करून, टाकला तर स्लॉट लागत नाही आणि आठ तास आत कुणी शिरत नाही. विझार्डने लगेच दावा केला की ही सुरक्षित जागाच झाली. त्यावर एक अख्खी बैठक वादात गेली. शेवटी ठरलं, झोपडी जीव वाचवते, स्लॉट देत नाही. पुढची अडचण नवव्या लेव्हलला टेलिपोर्टेशन सर्कलची, म्हणजे क्षणात दूरच्या सुरक्षित जागी जाऊन झोपता येईल अशा स्पेलची. पन्नास सोन्याच्या नाण्यांची सामग्री दर वेळी खर्ची पडते, पण त्यांच्याकडे पैसा पडून आहे. तो स्पेल हाती आला की दोन ठिकाणांच्या खुणा डीएमला द्याव्याच लागतात. एक मी शत्रूच्या राजधानीची देणार आहे. दुसरी कुठली द्यायची ते अजून ठरत नाही, आणि आमची मंडळी आठव्या लेव्हलला येऊन पोचली आहेत.