‘युफोरिया’: शाळा खोटी, व्यसन खरं

एचबीओची ही मालिका २०१९ साली आली. शाळकरी मुलांची म्हणून ती ओळखली जाते, पण शाळा त्यात नावालाच आहे. परीक्षेची धास्ती नाही, अभ्यास नाही. आपल्या दापोली-देवगडकडे रात्री दोनला पोरगं वाडीबाहेर पडलं तर सकाळी विहिरीवर चौकशी होते; इथली मुलं रात्र-रात्र कुठेही असतात. नग्नताही गरजेपेक्षा फार जास्त. अठराच्या आतल्यांना दाखवू नका.

व्यसन मात्र अचूक उतरलंय. सतरा वर्षांची रू (झेंडाया) वडिलांच्या कॅन्सरच्या गोळ्यांपासून सुरुवात करते, म्हणजे घरच्याच औषधांच्या डब्यातून. पहिल्याच भागात व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येते आणि लगेच नशा करते. आईने तपासणी करायची ठरवली की मैत्रिणीची लघवी पुढे करते. धोका नेमका केंद्रातून आल्यानंतरच्या दिवसांत असतो. काही आठवडे बंद राहिलं की शरीराची सवय मोडते, जुना डोस झेपत नाही, श्वास मंदावतो आणि माणूस दगावतो.

दुसऱ्या सीझनचा पाचवा भाग (फेब्रुवारी २०२२) सगळ्यांत भारी. उधारीवर आणलेल्या १०,००० डॉलरच्या मालाची सुटकेस घरच्यांच्या हाती लागलेली असते. रू दार लाथेने फोडते, आईला नको नको ते बोलते, पुढच्या क्षणी तिच्याच गळ्यात पडून रडते. मग चालत्या रहदारीत गाडीतून उडी, दुसऱ्याच्या घरात चोरी, माल विकणारा मित्र फेझ याच्या आजारी आजीच्या औषधांवर हात. अंगाला घाम, पोटात कळा, उलट्या: अफूच्या जातीच्या नशेचा उतार असाच असतो. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो टोकाला जातो. या सीझनसाठी झेंडायाला टीव्हीसाठीचं दुसरं एमी पारितोषिक मिळालं, ते रास्तच.

यात आईचं एक बरोबर आहे: ती मुलीला उपचारासाठी न्यायला निघते. आपल्याकडे खोलीत कोंडून नशा उतरवतात. त्यात शरीरातलं पाणी संपतं, आणि दारूचं व्यसन असेल तर झटकेही येतात. ‘रत्नागिरीला (तिथल्या मनोरुग्णालयात) नेलं’ म्हणजे वेड लागलं, हे डोक्यातून काढा आणि मनोविकारतज्ज्ञ गाठा. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे.

बघताना एवढं करा. बरेचसे प्रसंग रात्रीचे आहेत, दिवसा मोबाइलवर नुसता काळोख दिसतो. रू पुटपुटत बोलते. पावसाळ्यात पत्र्यावर सर कोसळत असेल तर हेडफोन आणि सबटायटल्स हवेतच. पहिल्या सीझनचे ८ भाग झाले की थेट दुसऱ्यावर उडी मारू नका. मध्ये डिसेंबर २०२०चा एक विशेष भाग आहे: नाताळची आदली रात्र, हॉटेलातलं टेबल, रू आणि तिला व्यसनातून बाहेर काढू बघणारा अली, एवढंच. तो सुटला तर पुढे रू अलीला फोन करून माफी मागते, त्या दोन मिनिटांचं वजन कळत नाही.