एचआयव्ही आणि व्यसनविषयक संशोधनातील नैतिकतेचे प्रशिक्षण : एका नवसंशोधिकेचा अभिप्राय

एचआयव्ही आणि व्यसन या विषयांच्या संशोधनात नुकतेच पाऊल टाकलेल्यांसाठी चालवला जाणारा नैतिकतेचा एक प्रशिक्षण-अभ्यासक्रम मी अलीकडेच पूर्ण केला. आधी दहा दिवसांचे निवासी वर्ग, मग वर्षभर एका अनुभवी संशोधकाचे मार्गदर्शन, आणि त्याच वर्षात आपल्या कामातील एखाद्या नैतिक प्रश्नावर एक छोटा अभ्यास स्वतः करणे, असे त्याचे स्वरूप होते. अर्ज करताना मला कोणाचाही असा अनुभव वाचायला मिळाला नव्हता, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे. त्रुटींबद्दलही लिहायचे असल्यामुळे संस्थेचे नाव दिलेले नाही.

मी अर्ज का केला, हे आधी सांगायला हवे. संशोधनात मानवी सहभागी असतील तर नैतिकतेचा एक ऑनलाइन पाठ पूर्ण करून प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि ते माझ्याकडे होते. व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय ही संशोधनातील नैतिकतेवरच्या १९७९च्या अमेरिकी बेलमाँट अहवालातील तीन तत्त्वे मला तोंडपाठ होती. तरीही क्षेत्रकार्याच्या पहिल्याच आठवड्यात, ओपिऑइडच्या, म्हणजे अफूवर्गीय पदार्थांच्या व्यसनावर मेथाडोन या पर्यायी औषधाचे उपचार घेणारी एक व्यक्ती माझ्यासमोर बसली तेव्हा त्यातले काहीच कामाला आले नाही. तिला एकामागून एक जांभया येत होत्या, नाकातून पाणी वाहत होते, हातावर काटा आला होता. मी संमतीपत्रकाचा दुसरा परिच्छेद वाचत असतानाच तिने विचारले, "सही कुठे करायची?" मी बोट ठेवले आणि तिने सही केली. कागद निर्दोष होता आणि कोणत्याही नैतिकता समितीला त्यात खोट काढता आली नसती. पण ही संमती आहे की डोसची वेळ होईपर्यंतची अगतिकता, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सोडत नव्हता.

निवासी वर्गातील सर्वांत मोलाचा भाग याच प्रश्नावर होता. तिसऱ्या दिवशी संमती घेण्याचा सराव घेतला गेला आणि सहभागीच्या खुर्चीत एक असे गृहस्थ बसले होते, ज्यांनी स्वतः अनेक वर्षे मेथाडोन घेतले होते आणि काही अभ्यासांत सहभागी म्हणून भागही घेतला होता. मी पत्रक स्वच्छ, सावकाश वाचत होते. दुसऱ्या पानावर त्यांनी मला थांबवले आणि म्हणाले, "आता वाचू नका. मला काय कळलं, ते मला विचारा." मी विचारले. गोळी खरी असेल किंवा औषध नसलेली असेल आणि कोणती मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरेल, हे त्यांना कळले नव्हते. निदान त्यांनी तसे दाखवले. "तुम्ही डॉक्टरांकडून आलात म्हणजे मला लागेल तेच द्याल," हे त्यांचे उत्तर होते. संशोधनालाच उपचार समजण्याच्या या गैरसमजाचे वर्णन १९८२पासून होत आले आहे. एचआयव्ही प्रतिबंधाच्या चाचण्यांत त्याला आणखी एक जोड मिळते: गोळी घेतो म्हणजे आपण सुरक्षित आहोत, असे मानून सहभागी काळजी घेणे सोडू शकतो, आणि त्याच्या हातात कदाचित नुसती साखरेची गोळी असते.

त्याच सत्रात एक गोष्ट ठामपणे सांगितली गेली आणि मला ती पूर्णपणे पटली: व्यसन असणे म्हणजे निर्णयक्षमता नसणे नव्हे. नशेचा अंमल किंवा औषध न मिळाल्याने होणारा त्रास या काही तासांनी बदलणाऱ्या अवस्था आहेत, आणि म्हणून उत्तर त्या माणसाला अभ्यासातून वगळण्यात नसून वेळ बदलण्यात आहे. डोस घेऊन अस्वस्थता शमली आहे, पण गुंगी आलेली नाही, अशी वेळ निवडावी, समजले आहे का ते त्याच्याच शब्दांत ऐकावे, आणि शंका वाटली तर दुसऱ्या दिवशी बोलवावे. आकलन तपासण्यासाठी दहा प्रश्नांची एक छोटी चाचणी २००७पासून उपलब्ध आहे; ती आम्हाला एकमेकांवर करून पाहायला लावली आणि आमच्यापैकी काहींना स्वतःच्याच अभ्यासाबद्दलच्या प्रश्नांची नीट उत्तरे देता आली नाहीत.

इतिहासाचा भाग मला अपेक्षेपेक्षा वेगळा वाटला. अमेरिकेतील टस्कीगीचा अभ्यास, म्हणजे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांविना ठेवून केलेली पाहणी, सगळ्यांना माहीत असल्याने पटकन संपवला. १९९४मध्ये एझेडटी या एचआयव्हीवरील औषधामुळे आईकडून बाळाला होणारी लागण सुमारे दोन-तृतीयांशाने घटते हे सिद्ध झाल्यावरही गरीब देशांतील चाचण्यांत काही मातांना प्लासीबो, म्हणजे औषध नसलेली गोळी देणे योग्य होते का, या १९९७च्या वादालाही एकच तास मिळाला. तो कमी पडला, असे माझे मत आहे. मात्र टेनोफोविरच्या चाचण्यांसाठी पूर्ण दिवस राखून ठेवला होता आणि तो सार्थकी लागला. लागण होण्याआधीच घ्यायची ही गोळी एचआयव्ही रोखते का, हे पाहण्यासाठी देहविक्री करणाऱ्या स्त्रियांमध्ये आखलेली चाचणी कंबोडियात २००४मध्ये आणि कॅमेरूनमध्ये २००५मध्ये आंदोलनांनंतर बंद पडली. चाचणीच्या काळात लागण झाली तर आमच्या उपचारांचे पुढे काय, हा कंबोडियातील स्त्रियांचा प्रश्न होता. ही आंदोलने म्हणजे विज्ञानातला अडथळा, असे मी आजवर ऐकत आले होते आणि खरे सांगायचे तर मानतही आले होते. त्यांच्या मागण्या एकेक करून वाचल्यावर दिसले की त्या मागण्या म्हणजे चांगल्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्यात, आधीच असायला हवेत असे परिच्छेद होते. अभ्यास आखतानाच समाजाला सोबत घ्यावे, असे सांगणारी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे पुढे २००७मध्ये आली.

त्याच औषधाची बँकॉकमधील चाचणी दुपारी चर्चेला आली. सुईने नशा करणाऱ्या २,४१३ व्यक्ती त्यात होत्या आणि २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गोळीमुळे लागण ४८.९ टक्क्यांनी घटली. परंतु सहभागींना निरोध मिळाले, सुया धुण्यासाठी ब्लीच मिळाले, मेथाडोनची सोय होती, आणि नव्या निर्जंतुक सुया मात्र अभ्यासाकडून दिल्या गेल्या नाहीत. सुयांनी लागण टळते हे माहीत असताना त्या न देता गोळीची परीक्षा घ्यावी का, यावर वर्गात जोरदार मतभेद झाले. प्रशिक्षकांनी निकाल दिला नाही, आणि ते योग्यच झाले. सुया दिल्या नाहीत तर ते का, कोणाच्या नियमामुळे, आणि हे सहभागींना सांगितले का, एवढे तीन प्रश्न त्यांनी फळ्यावर लिहून ठेवले. आता कोणताही प्रोटोकॉल हाती आला की मी "दिले जाणार नाही" असे शब्द आधी शोधते.

मानधनाच्या सत्राने माझी एक जुनी सवय मोडली. व्यसन असलेल्या सहभागींना रोख पैसे द्यायचे नाहीत, कूपन द्यायचे, हे मी प्रत्येक प्रस्तावात विचार न करता लिहीत असे. अमेरिकेतील एका अभ्यासात व्यसनावर उपचार घेणाऱ्यांना वेगवेगळ्या रकमा, काहींना रोख आणि काहींना भेटकूपनांच्या रूपात, चिठ्ठ्या टाकून दिल्या गेल्या. २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत जास्त रकमेने किंवा रोखीने नव्याने नशा करण्याचे प्रमाण वाढले नाही, आणि दबाव आल्याची भावनाही वाढली नाही. एका अभ्यासाने सगळे ठरत नाही, हे प्रशिक्षकांनी बजावलेच. मात्र नैतिकतेच्या नावाखाली आपण ज्या गोष्टी गृहीत धरतो त्या तपासता येतात, आणि ज्यांच्यासाठी नियम करतो त्यांनाच विचारता येते, ही या अभ्यासक्रमाची मूळ भूमिका मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने समजली. इतर प्रशिक्षणांत नियम शिकवतात. इथे नियमाला पुरावा मागायला शिकवतात.

सहभागींकडूनच पुढचे सहभागी मिळवण्याच्या पद्धतीवरचा खेळही लक्षात राहिला. लपून राहणाऱ्या समूहांपर्यंत पोहोचण्यासाठी ही पद्धत १९९७पासून वापरली जाते. प्रत्येकाला अभ्यासात येण्याच्या निमंत्रणाची साधारण तीन कूपने दिली जातात आणि त्याने ती ओळखीच्यांना द्यायची असतात. आम्हालाही प्रत्येकी तीन कूपने आणि एकेक भूमिका दिली. वीस मिनिटांत एकाने आपली कूपने विकली होती, आणि घरमालकाची भूमिका मिळालेल्या एकीने भाडेकरूला "जाऊन ये, पैसे अर्धे माझे" असे सांगून पाठवले होते. मग प्रशिक्षकांनी एक कूपन सर्वांसमोर उलटे केले. मागे अभ्यासाचे नाव छापले होते आणि त्यात एचआयव्ही हा शब्द होता. हे कूपन शर्टाच्या खिशात राहिले आणि शर्ट धुवायला टाकला, तर घरात ते कोणाच्या हाती लागेल, एवढेच त्यांनी विचारले. कूपनावरचे नाव, पाकिटावरचा पत्ता, फोनवर ठेवलेला निरोप या गोष्टी प्रोटोकॉलमध्ये शेवटी आणि घाईने लिहिल्या जातात. माणसाचे घर मात्र त्यांच्यामुळेच मोडू शकते.

गोपनीयतेचा भाग इतका चांगला होता की तो दोन दिवस चालला असता तरी चालले असते. विषाणूच्या जनुकीय क्रमांची तुलना करून लागणीच्या साखळ्या शोधता येतात. जिथे लागण पसरवणे हा गुन्हा मानला जातो तिथे हीच माहिती सहभागीच्या विरोधात वापरली जाण्याची भीती असते. अमेरिकेत संशोधनाची माहिती न्यायालयीन मागणीपासून वाचवणारे गोपनीयता प्रमाणपत्र असते. जिथे असे कायदेशीर संरक्षण नाही, तिथे "आपली माहिती पूर्णपणे गोपनीय राहील" हे वाक्य खरे नसते, आणि ते संमतीपत्रकात लिहू नये. मी ते वाक्य आजवर तीन पत्रकांत लिहिले होते.

शब्दांवर एक छोटे सत्र होते. एड्ससह जगणाऱ्यांनी १९८३मध्ये डेन्व्हर येथे आपल्याला 'बळी' म्हणू नका असे जाहीर केले होते. वैद्यकीय संशोधनाच्या नैतिकतेवरील हेलसिंकी जाहीरनाम्याच्या २०२४च्या सुधारणेत माणसांसाठी प्रयोगाचा 'विषय' या अर्थाचा शब्द जाऊन 'सहभागी' हा शब्द आला. मराठीत 'एड्सग्रस्त' आणि 'नशेबाज' अजूनही सर्रास लिहिले जाते, अगदी आपल्या प्रश्नावल्यांतही, याची मला तिथे बसल्या बसल्या लाज वाटली.

आता त्रुटी. एचआयव्हीच्या तुलनेत व्यसनाची बाजू तोकडी आहे. उदाहरणे बहुतेक सुईने घेतल्या जाणाऱ्या ओपिऑइडची आहेत; दारूचा उल्लेख ओझरता येतो, आणि उत्तेजक पदार्थ घेणाऱ्यांशी संमतीची चर्चा कशी करावी यावर काहीच नाही. संशोधकाच्या स्वतःच्या मनावर येणाऱ्या भाराला एकच तास दिला आहे, तोही शेवटच्या दिवशी. ज्याची मुलाखत आपण गेल्या महिन्यात घेतली तो माणूस ओव्हरडोसने गेल्याचे कळते, तेव्हा काय करावे, हे कोणीतरी आम्हाला आधीच सांगायला हवे. ओपिऑइडच्या ओव्हरडोसवरचे नॅलोक्सोन हे औषध कसे द्यावे याचे शिक्षण ऐच्छिक ठेवले होते. या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकासाठी ते सक्तीचे असले पाहिजे. सर्वांत मोठी उणीव मात्र अशी की हे प्रशिक्षण फक्त नवोदितांना मिळते. मी परतले तेव्हा प्रत्येक सूचनेवर ज्येष्ठांकडून एकच उत्तर मिळत राहिले, "समितीची मंजुरी आहे ना?" ज्यांच्या हाती निर्णय आहे त्यांना निदान दोन दिवस तरी या वर्गात बसवावे, अशी माझी आयोजकांना कळकळीची विनंती आहे.

वर्षभराचे मार्गदर्शन उत्तम होते, पण मुदत अपुरी आहे. माझ्या छोट्या अभ्यासाला नैतिकता समितीची मंजुरी मिळेपर्यंत अर्धे वर्ष संपले. दिवसाच्या कोणत्या वेळी संमती विचारलेली बरी वाटते, असा माझा प्रश्न होता. मार्गदर्शकांनी प्रश्नावली बाजूला ठेवायला लावली आणि आधी नुसते बसून बोलायला सांगितले. त्या गप्पांतून जे निघाले ते माझ्या प्रश्नात नव्हतेच. लोकांना वेळेची अडचण नव्हती, जागेची होती. ज्या खोलीत मेथाडोनचा डोस मिळतो त्याच खोलीत माझे टेबल होते, आणि नाही म्हटले तर डोसवर परिणाम होईल, असे अनेकांनी मनोमन धरले होते. पत्रकातले "सहभाग ऐच्छिक आहे" हे वाक्य त्यांनी ऐकले होते. त्यांचा विश्वास बसला होता तो टेबल कुठे आहे त्यावर.

अर्ज करणाऱ्यांनी एखादा चालू अभ्यास हाती असतानाच जावे आणि आपले संमतीपत्रक सोबत न्यावे. नुसत्या उत्सुकतेने गेलेल्या सहाध्यायांना चर्चा आवडल्या, पण परत येऊन बदलण्यासारखे त्यांच्याकडे काही नव्हते. वाचनाचा भार मोठा आहे. निवासी वर्गांच्या महिनाभर आधी सुरुवात केली तरच तो पेलतो.

माझे टेबल आता आवाराच्या दुसऱ्या टोकाला, समुपदेशकांच्या खोलीशेजारी आहे. डोस घेऊन झाल्यावर ज्यांना यायचे ते तिथे येतात, आणि एका संमतीला कधी पाऊण तास लागतो, तर कधी दोन दिवस. टेबल हलवल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात दोघांनी सगळे ऐकून घेतले, नको म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे डोसच्या रांगेत येऊन उभे राहिले.